मत्स्यसरड्याचा डोळा

१

संग्रहालय उघडायच्या आधी ती तळघरातल्या कार्यशाळेत उतरली, दिवा लावला आणि जागच्या जागी थिजली. टेबलावरच्या कवटीला डोळा नव्हता.

वाळूच्या पिशव्यांवर कवटी रोजच्यासारखीच आडवी होती. माणसाच्या उंचीइतका जबडा आणि त्यात ओळीने सुळे. डोळ्याच्या जागी काल संध्याकाळपर्यंत जेवणाच्या ताटाएवढं हाडांच्या पाकळ्यांचं कडं होतं. त्या कड्याकडे बघून शाळेतली पोरं एकमेकांना बिलगायची. आता तिथे नुसता खड्डा होता, आणि खरं सांगायचं तर त्या डोळ्याची वाटली नव्हती एवढी भीती तिला त्या खड्ड्याची वाटली.

ही कवटी इक्थिओसॉरची. कोट्यवधी वर्षांपूर्वी समुद्रात पोहणारा हा सरीसृप. शास्त्रज्ञांनी त्याला दिलेल्या नावाचा अर्थ मासा-सरडा, आणि गंमत अशी की तो ना मासा होता ना सरडा. लोक तर त्याला सरसकट डायनोसॉर म्हणतात, तेही चूकच. संग्रहालयात गाइडचं काम करणारी ही मुलगी दिवसभर हेच सांगायची. "डायनोसॉर नव्हे, बाळांनो. डायनोसॉर जमिनीवरचे. हा सागरी सरीसृप." चुका काढून काढून तिचं नावच दुरुस्ती पडलं होतं. घरी बाबासुद्धा तिला त्याच नावाने हाक मारायचे.

"बाबा?" तिने आवाज दिला.

बाबा इथले कारागीर. दगडातून हाड सोलून काढण्यात त्यांची हयात गेली होती. ते सगळ्यांच्या आधी येत. त्यांचा डबा खुंटीला होता, चप्पल दाराशी होती, बाबा मात्र नव्हते. बोळाच्या टोकाला अ‍ॅसिडची खोली होती. चुनखडीचे धोंडे तिथे अ‍ॅसिडच्या टबात भिजत ठेवत. अ‍ॅसिड दगड खातं आणि हाड तेवढं सोडतं. वाफ ओढून घेणारा मोठा पंखा रोजच्यासारखा घरघरत होता. तिने दार ढकललं. ते आतून कशाला तरी अडत होतं.

खांदा लावून तिने दार रेटलं. बाबा जमिनीवर पालथे पडले होते. हातात रबरी मोजे होते, ओठ निळे पडले होते आणि तोंड दाराखालच्या फटीला चिकटलेलं होतं.

तासाभरात पोलीस आले. त्यांनी बाबांच्या अ‍ॅप्रनचा खिसा उलटा केला, तर त्यातून टिपकागदात गुंडाळलेली डोळ्याची एक पाकळी निघाली. तपास अधिकारी घाईतला माणूस होता. "चोर सापडला," तो म्हणाला, "बाकीचा माल कुठे आहे ते शुद्धीवर आला की सांगेल."

इस्पितळात डॉक्टरांनी तिला बाजूला घेतलं. "फुप्फुसं आतून भाजलीत. बंद खोलीत कोंडलेली वाफ बराच वेळ छातीत गेली आहे. आज शुद्धीवर आले तर आले."

"बंद खोली कशी असेल, डॉक्टर?" दुरुस्ती म्हणाली. "मी गेले तेव्हा पंखा चालू होता."

हे बोलली आणि आपल्याच बोलण्यावर ती थबकली. पंख्याचं बटण खोलीत नव्हतंच. ते बाहेर, बोळात होतं.

२

"म्हणजे कुणीतरी पंखा बंद केला, दाराला बाहेरून कडी घातली, माझ्या भावाला आत तडफडू दिलं आणि मग कडी काढून पंखा पुन्हा चालू केला," आत्या म्हणाली. "अपघात दिसावा म्हणून. हं."

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पोलिसात फौजदार होती. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण चालणं अजून परेडचंच. गुडघे दुखतात म्हणून जिन्याला शिव्या घालत ती तळघरात उतरली. चोरीमुळे संग्रहालय बंद होतं आणि ओळखीवर तपास अधिकाऱ्याने तिला आत सोडलं होतं.

"बाबापाशी कोण आहे?" तिने दुरुस्तीला विचारलं.

"सर बसलेत. मला म्हणाले, तू जा, मी हलत नाही इथून."

सर म्हणजे संग्रहालयाचे प्रमुख. बाबांना त्यांनीच हाताला धरून हे काम शिकवलं आणि दुरुस्तीला नोकरीही त्यांनीच दिली. ही कवटी तर सरांचा जीव की प्राण. एवढा मोठा डोळा या जातीच्या कुठल्याच प्राण्याचा आजवर सापडला नव्हता. म्हणून हा नवा प्राणी, आणि म्हणून त्याला नवं नाव. ते नाव सर आपल्या दिवंगत बायकोचं देणार होते. उद्या बाहेरची तज्ज्ञ मंडळी कवटीच्या आत बघणारं यंत्र घेऊन यायची होती, आणि त्यांनी मान डोलावली की बाईंचं नाव जगातल्या प्रत्येक पुस्तकात जाणार होतं.

"आता सगळं बोंबललं," आत्या म्हणाली.

"नाही, सर म्हणाले मापं आहेत, फोटो आहेत. डोळा गेला तरी नाव थांबणार नाही." दुरुस्तीने ओढणीने डोळे पुसले. "आत्या, मला त्या नावाचं काही पडलेलं नाही. बाबांना चोर म्हणाले ते लोक. तुला माहीत नाही नाव कसं चिकटतं ते. दोनशेच्या वर वर्षं जग या प्राण्याला मासा-सरडा म्हणतंय. चूक आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सुटलं का? बाबा बोलायच्या आधी गेले तर ते कायमचे चोरच राहतील."

"रडायला रात्र पडली आहे. आधी मला सांग, हा डोळा मिळावा असं कोणाला वाटत होतं?"

पहिलं नाव खाणवाल्याचं निघालं. कवटी त्याच्या दगडाच्या खाणीत सापडली होती. प्राण्याला आपल्या वडिलांचं नाव द्यावं म्हणून त्याने मागच्याच आठवड्यात सगळ्यांदेखत थयथयाट केला होता. आत्याने निरोप धाडला तसा तो धूळभरल्या बुटांनी तणतणत आला.

"माझा डायनोसॉर आंधळा केलात!"

"डायनोसॉर नव्हे," दुरुस्तीच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

"जे काय असेल ते. आमच्या वडिलांनी त्या खाणीत जन्म काढला. नाव मात्र द्यायचं कोणाचं, तर सरांच्या बायकोचं! ती कधी खाणीत फिरकली तरी होती का?"

"म्हणून तुम्ही डोळा काढून नेलात," आत्या शांतपणे म्हणाली.

खाणवाला कवटीपाशी गेला. खड्ड्यात वाकून बघताना त्याचा राग हळूहळू उतरत गेला. "बाई, मी दगड फोडणारा माणूस. माझ्या हातात छिन्नी आणि हातोडा. हे मी काढलं असतं तर अर्धी कवटी भुगा झाली असती. इथे बघा, एक टवका उडालेला नाही. दगडातलं हाड असं निघत नाही. चिखलातून दात काढल्यासारखं अलगद काढलंय कोणीतरी."

तो गेल्यावर आत्या स्वतः त्या खड्ड्यावर वाकली. "डोळ्यावर काम कोणी केलं होतं गं?"

"बाकी सगळी कवटी बाबांनी सोलली. डोळा मात्र सरांनी. इथली जुनी रीतच आहे, डोळा शेवटी उघडायचा आणि तो गुरूने उघडायचा. तेव्हा सर एकटेच बसतात. कोणी आत यायचं नाही."

आत्याने खड्ड्याच्या कडेवरून बोट फिरवलं आणि भुवई उंचावली. "ही कड चिकट कशी?"

३

दुरुस्तीने हात लावून पाहिला. डोळा निघाला तिथलं हाड उघडं पडलं होतं. असं उघडं हाड भुसभुशीत असतं, बोटाला पीठ लागायला हवं. इथे मात्र त्याच्यावर काहीतरी पातळसर लावलं होतं, आणि ते पुरतं वाळलेलंही नव्हतं. कडेला टिपकागदाची बारीक पट्टीसुद्धा दाबून बसवली होती.

"हाड विस्कटू नये म्हणून असं करतात," ती म्हणाली. "कड पक्की करायची, कागदाने धरायची. आम्ही रोज करतो."

"म्हणजे चोरी करून पळायच्या घाईत हा माणूस थांबला आणि जखमेला मलमपट्टी करून गेला?" आत्या खुदकन हसली, पण हसू लगेच मावळलं. "अगं, हा बाहेरचा नाही. ज्याने आयुष्यभर हाडं जपली त्याचे हात आहेत हे. त्याला कड तशी उघडी टाकवलीच नाही. बाबाला तो दाराआड गुदमरत सोडू शकला, पण ही कड सोडू शकला नाही."

असे हात या इमारतीत मोजकेच होते, आणि ते सगळे दुरुस्तीच्या पाठीवरून कधी ना कधी फिरले होते.

पुढचं तिला आपोआप सुचलं. कार्यशाळेत एक जांभळ्या प्रकाशाचा दिवा होता. दगडावर कुठे काय चिकटवलंय ते त्याच्या उजेडात उमटतं. तिने खोलीतले दिवे मालवले आणि तो लावला. अंधारात कवटी फिकट निळी दिसू लागली. बाबा वापरत तो नवा गोंद तिच्या अंगावर जागोजागी दुधी दिसत होता. डोळ्याची कड मात्र नारिंगी पेटली होती.

"लाख," ती कुजबुजली. "ही लाख आहे. हाडाला इथे आता कोणी लाख लावत नाही, केव्हाच बंद झाली. पुढे काळी पडते ती."

"मग इमारतीत लाख आहेच कोणापाशी?"

एकाच माणसापाशी होती. साचेवाला शेजारच्याच खोलीत प्लॅस्टरचे साचे करायचा आणि ते चिकटू नयेत म्हणून त्यांना लाखेचा हात द्यायचा. तापट माणूस. परवाच बाबांशी त्याची बोळात खडाजंगी झालेली सगळ्यांनी ऐकली होती. दोघी दारात उभ्या राहिल्या तेव्हा तो पाठमोरा बसून ब्रश धूत होता. लाखेचा डबा शेजारी उघडाच होता.

"मला माहीत होतं तुम्ही इथे येणार," तो न वळताच म्हणाला. "भांडलो मी त्याच्याशी. मग?"

"कशावरून?" आत्याने विचारलं.

तो वळला. त्याचे डोळे लाल होते. "मागच्या आठवड्यात मी कवटीचा साचा घेतला. वर रबर चढवलं, वाळलं, सोडवलं. सोडवताना डोळा कणभर हलला. बाई, दगडात रुतलेलं हाड हलत नाही. चिकटवलेलं हलतं. मी हिच्या बापाला सांगितलं. तो पांढराफटक पडला. म्हणाला, गप्प बस, आधी मी सरांना विचारतो. मी म्हटलं, विचारायचं काय त्यात, तज्ज्ञ येतील तेव्हा सगळ्यांची छी-थू होईल. त्यावरून वाजलं आमचं."

"तुमच्या डब्यातली लाख डोळ्याच्या कडेला लागली आहे."

"हाडाला लाख?" साचेवाला खरोखरच गोंधळला. "डबा उघडा असतो, घ्यायची त्याने घ्यावी. पण मी हाडाला कशाला लावू? माझा संबंध प्लॅस्टरशी. ते जुन्या लोकांचं काम, ज्यांनी लाखेवर हात बसवला त्यांचं. हिचा बापसुद्धा पहिल्या दिवसापासून नवा गोंदच शिकलाय."

दुरुस्तीला वाटलं की आपण हे ऐकलंच नसतं तर फार बरं झालं असतं.

"आत्या," ती म्हणाली, "सर बाबांपाशी बसलेत."

४

इस्पितळातला फोन वाजत राहिला आणि कोणी उचलला नाही.

आत्या गुडघे विसरली. "तू तुझी स्कूटर काढ," ती साचेवाल्याला म्हणाली. मग दुरुस्तीचे दोन्ही खांदे धरून भराभर बोलली. "नीट ऐक. डोळा चिकटवलेला होता म्हणून अलगद निघाला. चिकटवलेला आहे हे ठाऊक कोणाला होतं? ज्याने एकट्याने बसून त्याच्यावर काम केलं त्याला. उद्या यंत्राने ते उघडं पडलं असतं. चोरीला गेलेला डोळा मात्र कोणी तपासू शकत नाही. फोटो राहतात, मापं राहतात आणि नावही राहतं. बाबाने त्याला विचारलं, तिथे घात झाला. पण हे सगळं तोंडी आहे. डोळा कुठे आहे? बाबा मोजे घालून त्या खोलीत गेला तो काहीतरी बाहेर काढायला. खिशातली पाकळी त्याने तिथूनच काढली असणार. त्या टबात बघ. सर तिकडे आहे, म्हणजे तुला इथे धोका नाही."

स्कूटरचा आवाज लांब गेला. रिकाम्या इमारतीत आता फक्त पंख्याची घरघर उरली होती.

बोळातून चालताना दुरुस्तीला आपल्याच पावलांची भीती वाटत होती. दाराबाहेरच्या खुंटीवर वाफेपासून वाचवणारा मुखवटा टांगलेला असायचा. आज खुंटी रिकामी होती. पोलिसांनी नेला असेल असं तिने स्वतःला समजावलं, नाकाला ओढणी बांधली, मोजे चढवले आणि आत गेली.

टबातलं पाणी गढूळ होतं. पोलिसांनी त्यात हात घातला नव्हता, आणि कोण घालणार? जवळ जाताच डोळे चुरचुरले. बाबा अ‍ॅसिड एवढं तीव्र कधीच ठेवत नसत. तिने तळातली जाळी हळूच वर उचलली. जाळीवर मूठभर पाकळ्या होत्या, काळसर, चकचकीत, कोट्यवधी वर्षांची खरी हाडं. पण मूठभरच होत्या. ताटाएवढ्या कड्याला पुरतील त्याच्या निम्म्यासुद्धा नव्हत्या.

बाकीच्या कुठे गेल्या? दगड खातं आणि हाड सोडतं, असं ती रोज पोरांना सांगायची. बाकीच्या पाकळ्या हाडाच्या नव्हत्याच. त्या चुनखडीतून कोरलेल्या होत्या, आणि अ‍ॅसिडने त्या रातोरात विरघळवून टाकल्या होत्या. प्राण्याला डोळा होता, पण साधा, त्याच्या सगळ्या भाऊबंदांसारखा. सरांनी मधे मधे दगडाच्या पाकळ्या बसवून तो मोठा केला होता. या प्राण्यात नवं काहीच नव्हतं.

तिने पाकळ्या एका मुठीत घेतल्या. तेवढ्यात फोन वाजला.

"खुर्ची रिकामी आहे," आत्या धापा टाकत होती. "बाबा ठीक आहे, श्वास चालू आहे. नर्स म्हणते, डॉक्टर म्हणाले दुपारपर्यंत शुद्धीवर येतील, ते ऐकलं आणि सर उठून गेला. केव्हाच गेला. तू कुठे आहेस? आधी तिथून बाहेर—"

मागे दार बंद झालं. कडी सरकल्याचा आवाज आला. मग पंख्याची घरघर मंदावत गेली आणि थांबली.

५

दाराला वरच्या बाजूला एक काचेचा चौकोन होता. त्यात मुखवटा घातलेला चेहरा आला. काळं रबर आणि दोन गोल काचा. डोळे दिसत नव्हते, पण वाकलेले खांदे तिला ओळखता आले.

"सर," ती म्हणाली. "सर, दार उघडा."

"तू तिथे यायला नको होतंस, बाळा." आवाज मुखवट्यातून घोगरा येत होता. "मी त्या पाकळ्या घ्यायला आलो होतो. खऱ्या पाकळ्या तरी कशा टाकायच्या? सकाळी तू आलीस म्हणून राहिल्या, संध्याकाळी पोलिसांची गर्दी कमी झाली की काढणार होतो, पण तो दुपारीच शुद्धीवर येणार म्हणाले."

"बाबा आत होते!"

"त्याने मला विचारलं. मी त्याला म्हटलं, आपण दोघंच जाणतो, सोडून दे. तो म्हणाला, नाही. सकाळी येऊन बघतो तर तो टबात हात घालून उभा." सरांनी क्षणभर काचेला कपाळ टेकवलं. "मी फक्त दार लावलं."

दुरुस्तीचा घसा जळू लागला होता. टबातून वाफ वर येत होती आणि आता तिला जायला वाट नव्हती. बाबा फटीला तोंड लावून का पडले होते हे तिला आता अंगाने कळत होतं. फोनमध्ये आत्या ओरडत होती की आम्ही निघालो, पोलिसांनाही सांगितलंय. पण इस्पितळ गावाच्या दुसऱ्या टोकाला होतं.

"नावासाठी?" ती खोकत म्हणाली. "एका नावासाठी?"

"तिचं नाव आता माझ्याशिवाय कोणी घेत नाही. मी गेल्यावर कोणीच घेणार नाही. पण हे नाव लागलं असतं ना, तर चूक निघाली तरी सुटलं नसतं. तूच तर रोज सांगतेस पोरांना. मासा-सरडा सुटला का?"

तिने दारावर धक्के मारले, रडली, गयावया केली. काचेतला काळा चेहरा हलला नाही. माणूस ऐकत होता, त्याला वाईटही वाटत होतं, आणि तो दार उघडणार नव्हता. त्या वाईट वाटण्याचीच तिला सगळ्यात जास्त भीती वाटली. ती दाराखालच्या फटीपाशी खाली बसली.

आणि मग तिच्या डोक्यात आत्याचं वाक्य आलं. बाबाला सोडू शकला, पण कड सोडू शकला नाही.

ती उठून उभी राहिली. मूठ उघडून तिने ती काचेसमोर धरली. एक पाकळी दोन बोटांत घेतली.

"काय करतेस?" सर म्हणाले.

तिने पाकळी मोडली. कोरड्या बिस्किटासारखा बारीक आवाज झाला.

"नको!" सर किंचाळले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज माणसाचा वाटला. "अगं, ती खरी आहे! खरी आहे ती!"

"मीही खरी आहे," दुरुस्ती म्हणाली आणि दुसरी पाकळी उचलली. "सगळ्यांचा चुरा करीन, सर. माझा श्वास संपायच्या आत एकही ठेवणार नाही."

कडी खडखडली, हातातून एकदा निसटली, पुन्हा सरकली. दार उघडलं. सर तिच्याकडे आलेच नाहीत. ते तिच्या पायाशी गुडघ्यांवर बसले आणि मोडक्या पाकळीचे तुकडे जमिनीवरून टिपून तळहातावर जुळवू लागले. दुरुस्ती त्यांना ओलांडून बोळात आली, पंख्याचं बटण दाबलं आणि भिंतीला धरून बाहेरच्या हवेपर्यंत पोचली.

आत्या आणि तपास अधिकारी जिना उतरले तेव्हाही सर तिथेच होते. मुखवटा काढून ते टिपकागद शोधत होते. "जरा थांबा," ते अधिकाऱ्याला म्हणाले, "एवढी कड पक्की करू द्या."

६

संध्याकाळी तपास अधिकाऱ्याने इस्पितळात येऊन कागदावरून बाबांचं नाव काढल्याचं सांगितलं. माफी मागितली नाही, पण टोपी काढली. "सकाळी घाईत बोललो असेन," तो म्हणाला.

"घाईत नाही, चुकीचं बोललात," दुरुस्ती म्हणाली. आत्याने तोंड फिरवून हसू लपवलं.

बाबांना शुद्ध आली तेव्हा खिडकीतलं ऊन पलंगावरून उतरलं होतं. त्यांनी आधी छताकडे पाहिलं, मग बहिणीकडे, मग लेकीकडे. बोलायला घसा साथ देत नव्हता. आत्याने थोडक्यात सगळं सांगितलं: डोळा, दगडाच्या पाकळ्या, सर, दाराला लागलेली कडी. सरांचं नाव आलं तेव्हा बाबांनी डोळे मिटले आणि त्यांच्या कानशिलावरून पाणी ओघळलं.

"पाकळ्या?" ते शेवटी म्हणाले. आवाज नुसता वाऱ्यासारखा होता. "खऱ्या पाकळ्या? मोडल्या नाहीत ना?"

दिवसभरात दुरुस्तीला एवढी भीती वाटली नव्हती, काचेतल्या त्या काळ्या चेहऱ्यासमोरसुद्धा नाही. सरही याचसाठी किंचाळले होते. हेच हात, हीच हयात. तिला खोटं बोलता आलं असतं. आत्या डोळ्यांनी तेच सांगत होती.

"एक मोडली, बाबा," ती म्हणाली. "मीच मोडली. मुद्दाम. बाहेर यायला."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी सुई टोचलेला हात पांघरुणातून बाहेर काढला, चाचपडत तिचं मनगट शोधलं आणि नाडी बघावी तसं धरून ठेवलं.

"सगळ्या मोडायच्या होत्यास," ते म्हणाले.